दोघांची नौका, एकाचा पहारा

शिडाच्या नौकेवर नवरा-बायको दोघंच राहत असली, तरी लांबच्या प्रवासात त्यांतलं एक जण झोपलेलं असतं आणि दुसरं जागं. म्हणजे नौका चालवायला प्रत्यक्षात माणूस एकच. ‘तो सुकाणू धरेल, ती दोऱ्या सांभाळेल’ ही वाटणी बंदरात सोयीची वाटते, पण खुल्या समुद्रावर ती धोक्याची ठरते. दोघांनाही सगळं यावं लागतं, आणि शिकण्याचा क्रमही त्याच हिशेबाने ठरतो.

माईल्स आणि बेरिल स्मीटन यांचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. माईल्स ब्रिटिश काळातल्या भारतीय लष्करातले अधिकारी. १९३९ साली दोघांनी तिरिच मीर या शिखराची मोहीम काढली, तेव्हा तेनसिंग नोर्गे त्यांच्याबरोबर होते. युद्धानंतर त्यांनी कॅनडात शेतजमीन घेतली. पण ब्रिटनमधून पैसा बाहेर नेण्यावर कडक निर्बंध होते. म्हणून तिथेच ‘त्झू हँग’ ही ४६ फुटी नौका विकत घ्यायची आणि कॅनडात नेऊन विकायची, असं त्यांनी ठरवलं. शिडं हाकारण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता. नौकेवरच राहत, चालवत ती दोघं शिकली. नौका विकणं मात्र राहून गेलं.

अशा तरंगत्या घरात शिडाआधी नांगर शिकावा लागतो. नांगर आपल्या वजनाने नौका धरून ठेवतो असा अनेकांचा समज असतो. खरं तर त्याचा फाळ तळाच्या चिखलात किंवा वाळूत रुततो, आणि साखळी तळाशी पडून त्याला आडवं खेचत असते तोवरच तो रुतलेला राहतो. ओढ वरच्या दिशेने लागली की फाळ उपटला जातो. म्हणून साखळी खोलीच्या निदान चार-पाच पट सोडायची, आणि खोली भरतीची धरायची. समजा, ओहोटीला पाणी ४ मीटर आहे, भरतीला त्यात ३ मीटरची भर पडते आणि नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर उंच आहे. झाले ८ मीटर. पाचपट म्हणजे ४० मीटर साखळी. मुंबईजवळ उधाणाला भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. तिथे ओहोटीच्या खोलीवर विसंबून साखळी सोडली, तर भरतीला नांगर सुटण्याची भीती असते.

साखळी सोडली की इंजिन हळूहळू मागे चालवून फाळ रुतवायचा. मग किनाऱ्यावरच्या, एकामागे एक दिसणाऱ्या दोन खुणा हेरायच्या, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि मागचा माड. त्या एका रेषेत राहिल्या तर नांगराने धरलं. एकमेकींपासून सरकू लागल्या तर नांगर घसरतो आहे. बहुतेक जोडप्यांचं पहिलं भांडण याच वेळी होतं. नवरा सुकाणूवर, बायको नाळेवर जड साखळीशी झुंजतेय, मध्ये इंजिनचा आवाज, आणि दोघंही ओरडताहेत. माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्या अंगात ताकद जास्त त्याने साखळीपाशी जावं. सुकाणूला ताकदीपेक्षा नजर लागते. ‘पुढे’, ‘मागे’, ‘थांब’, ‘पडला’ एवढ्या चार खुणा हाताने ठरवून घेतल्या की ओरडण्याची गरज उरत नाही.

आता शीड. थेट वाऱ्याच्या तोंडावर शिडाची नौका जाऊ शकत नाही. आजची चांगली नौका वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून पुढे सरकते. शिडाचा फुगवटा वारा वळवतो आणि त्यामुळे नौकेवर ओढ येते, काही पुढे, बरीचशी बाजूला. तळाखालची खोल, जड कील बाजूला घसरणं रोखते, आणि उरलेली ओढ नौकेला पुढे नेते. जिथून वारा येतो तिथेच जायचं असेल तर आधी एका कुशीवर, मग वळून दुसऱ्या कुशीवर, असं नागमोडी जावं लागतं. यात नौका कलते. नौकेवर राहणाऱ्यांना कलणं म्हणजे काय ते स्वयंपाकघरात कळतं: जे बांधलेलं नाही ते खाली येतं. निघण्याआधी प्रत्येक कप्प्याची कडी लावण्याची सवय तिथूनच लागते.

वारा वाढला की शीड लहान करायचं, म्हणजे रीफ घ्यायचा. वाऱ्याचा वेग १० नॉटवरून २० झाला तर शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून हे काम उशिरा केलं की हाताबाहेर जातं. रीफ एकट्याने घेता आला पाहिजे. आधी मोठ्या शिडाची खालची दोरी सैल करून त्यातला वारा काढायचा. मग शीड वर खेचणारी दोरी बेताने सोडून ते खुणेपर्यंत उतरवायचं. डोलकाठीजवळची कडी आकड्यात अडकवायची, वरची दोरी पुन्हा ताणायची, नंतर मागच्या टोकाची रीफची दोरी विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या फिरत्या रहाटावर, गुंडाळून घट्ट ओढायची, आणि शेवटी शीड पुन्हा वाऱ्यात घ्यायचं. यातली एखादी पायरी मागेपुढे झाली तर कापड फाटू शकतं. दिवसा, शांत वाऱ्यात, दोघांनी आळीपाळीने हे करत राहावं आणि त्या वेळी दुसऱ्याने हात लावू नये.

रात्री तीन किंवा चार तासांचे पहारे असतात. २० नॉटने येणारं मालवाहू जहाज पंधरा मिनिटांत पाच सागरी मैल कापतं, म्हणून क्षितिजावर चौफेर नजर त्याहून कमी अंतराने फिरवावी लागते. पहारा बदलताना वारा, दिशा, दिसणारे दिवे सांगायचे, आणि अंधारून आलं असेल तर झोपायला जाण्याआधी दोघांनी मिळून रीफ घेऊन टाकायचा. एकट्याने नाळेकडे जायची वेळ आली तर आधी जोडीदाराला उठवायचं, हा नियम कितीही जिवावर आलं तरी मोडू नये. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोघी अधिकाऱ्यांनी गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’वरून २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोघींच्याच बळावर ५६ फुटी नौका हाकायची तर असे पहारे किती काटेकोर पाळावे लागले असतील, याची कल्पना करता येते.

पाण्यात माणूस पडणं हा सर्वांत वाईट प्रसंग, कारण मदतीला उरतो तो एकच. १४ फेब्रुवारी १९५७ रोजी केप हॉर्नच्या वाटेवर एका प्रचंड लाटेने ‘त्झू हँग’ नाळेवरून उलटवली. बेरिल सुकाणूवर होत्या. कमरेची दोरी तुटून त्या समुद्रात फेकल्या गेल्या आणि तुटलेल्या डोलकाठीकडे पोहत येऊन वाचल्या. त्या वेळी नौकेवर माईल्सबरोबर जॉन गझवेल हा कसबी सुतारही होता. फुटलेल्या छताचं भगदाड त्याच्या कसबामुळे बुजलं आणि नौका चिलीला पोहोचली. त्याच वर्षी डिसेंबरात माईल्स आणि बेरिल दोघंच पुन्हा निघाली, तेव्हाही नौका उलटली, आणि या वेळी सगळी डागडुजी दोघांनाच करावी लागली.

वाचवण्याची रीत अशी: माणूस पडताच हाताशी असेल ती तरंगणारी वस्तू फेकायची आणि लगेच सुकाणू वळवून नौका वाऱ्यातून पलीकडच्या कुशीवर न्यायची, पण पुढच्या शिडाची दोरी सोडायची नाही. ते शीड उलट्या बाजूने फुगतं, पुढची ओढ मोडते आणि नौका माणसापासून फार दूर न जाता जवळपास थबकते. मग दोरी फेकायची, शिडी सोडायची. भिजलेल्या माणसाला हाताने उचलणं एकट्याला शक्य होत नाही, म्हणून विंच आणि कप्पीची जोडणी आधीच लावून ठेवावी. सरावाला पाण्यात एक फ्लोट टाकावा, सुकाणू कमी सवय असलेल्याच्या हाती द्यावं, आणि फ्लोट डेकवर येईपर्यंत दुसऱ्याने एक शब्दही बोलू नये.