सडा, चिरा आणि सार्वजनिक इमारत : रत्नागिरीच्या संदर्भात शाश्वत वास्तुविचार

प्रस्तावना : निसर्गसान्निध्यातील सार्वजनिक इमारतींबाबत ‘स्थानिक साहित्य म्हणजेच शाश्वत वास्तू’ असे समीकरण सर्रास मांडले जाते. रत्नागिरीच्या संदर्भात ते तपासून पाहणे आवश्यक ठरते.

साहित्य व हवामान : जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर तो कठीण होतो. त्याच्या चिऱ्यांना विटेप्रमाणे भट्टी लागत नाही, त्यामुळे इंधनाची बचत होते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात उंच जोते, उतरते छप्पर आणि पुढे आलेली वळचण भिंतीचे रक्षण करतात. ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० मध्ये पूर्ण झालेल्या राजवाड्याची उतरती छपरे याच गरजेची साक्ष देतात.

मर्यादा : तथापि, चिरा ज्या सड्यातून निघतो तो सडा ओसाड नसतो. पावसाळ्यात त्यावर अल्पायुषी वनस्पती फुलतात. उक्षी, जांभरुण, कशेळी येथील कातळशिल्पेही अशाच कातळावर कोरलेली असून २०२२ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. चिरेखाणीने खरवडलेला सडा मात्र पूर्ववत होत नाही.

निष्कर्ष : म्हणून चिरा कोठून येतो, हा प्रश्न आराखड्याच्या टप्प्यावरच विचारला गेला पाहिजे. जुन्या इमारतींतील चिऱ्यांचा पुनर्वापर हा त्यावरील एक व्यवहार्य उपाय होय. चुन्यात रचलेले चिरे सुटे करता येतात, सिमेंटमधले बहुधा फुटतात. सारांश, वास्तूची शाश्वतता केवळ भिंतीवरून नव्हे, तर खाणीवरूनही ठरते.