कापसाच्या किल्ल्याजवळची ईद

देवळीच्या माणसाला पांढरा डोंगर म्हटला की जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी आठवते. तुर्कस्तानच्या नैऋत्येला डेनिझली शहराजवळ मात्र डोंगरच तसा दिसतो. त्याचे नावही पामुक्कले, म्हणजे ‘कापसाचा किल्ला’. ही किमया गरम पाण्याची. आपल्याकडे उनकेश्वरला कुंड आहे, तिथे झऱ्यांनी अख्खा उतार व्यापला आहे. साधारण ३५ अंशांच्या पाण्यातला चुना हजारो वर्षे साचत गेला आणि पांढऱ्याशुभ्र कुंडांच्या पायऱ्या तयार झाल्या. वर हिएरापोलिस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. १९८८ पासून हे सारे जागतिक वारसास्थळ आहे. त्या पांढऱ्या थरावरून चालताना जोडे हातात घ्यावे लागतात.

खालच्या खोऱ्यात खरा कापूस पिकतो. डेनिझलीचे टॉवेल परदेशी जातात आणि जवळच्या बुल्दानमध्ये विणकाम हाच गावाचा जुना धंदा आहे.

या कापडाची कीर्ती किती जुनी, हे इब्न बतूताच्या प्रवासवर्णनातून कळते. मोरोक्कोचा हा प्रवासी चौदाव्या शतकात, १३३० च्या दशकात येथे आला. तेव्हा गावाचे नाव होते लादिक. येथले जरीकाठी सुती कापड अजोड आहे आणि वर्षानुवर्षे टिकते, असे तो सांगतो. कारणे दोन : कापूस उत्तम आणि सूत बळकट. पुढे तो हेही नोंदवतो की, हे काम करणाऱ्या बहुतेक कारागीर ग्रीक स्त्रिया आहेत. म्हणजे मुस्लिम सुलतानाच्या गावाचे नाव ख्रिस्ती बायकांच्या हातांनी दूरवर नेले.

रमजान संपून ईद उजाडली तेव्हा तो याच गावात होता. प्रत्येक व्यवसायाचे लोक आपापली निशाणे, ढोल आणि नगारे घेऊन निघाले. सोबत गाई, मेंढ्या आणि रोट्यांची ओझी होती. आधी कब्रस्तानात जाऊन दानधर्म झाला, मग ईदगाहवर नमाज. त्यानंतर सुलतानाच्या वाड्यात जेवणे झाली. गोरगरिबांसाठी वेगळी पंगत होती. त्या दिवशी गरीब असो की श्रीमंत, दारातून कोणी परत गेला नाही.

हाच प्रवासी काही वर्षांनी आपल्या मुलखात आला. दौलताबादेत गाणाऱ्या-बजावणाऱ्यांचा मोठा बाजार त्याने पाहिला. त्या बाजारातल्या मशिदींत रमजानमध्ये तरावीहची नमाज होते, असे त्याने लिहिले. नंदुरबारच्या मराठ्यांना तर त्याने कसबी कारागीर म्हटले.

ईदचा नवा कपडा घेताना आज त्यातला कापूस कोणाच्या वावरातला आणि विणणारा कोण, हे दुकानात कळत नाही. आपल्या तालुक्यातली पुलगावची गिरणीही आता चालत नाही. पण वेचणी करणाऱ्या बाईपासून शिंप्यापर्यंत कितीतरी जातीधर्मांचे हात त्या कपड्याला लागलेले असतात. यातल्या कितीजणांच्या घरी सणाला नवा कपडा येतो?

ईदच्या नमाजीआधी फित्रा द्यायचा असतो, तो यासाठीच की त्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी. तो शेवटच्या सकाळपर्यंत ठेवू नये. दोन दिवस आधी पोहोचला तर बाजारहाट होते. आणि शिरखुर्म्याचे पातेले मोठेच चढते, तेव्हा शेजाऱ्यांनीही बोलावण्याची वाट पाहू नये.