कातडीत वाढणारं हाड

गालावर, कपाळावर, हनुवटीवर रव्याच्या कणाएवढे टणक दाणे. दुखत नाहीत, खाजत नाहीत, दाबले तरी काही बाहेर येत नाही. मुरूडजवळच्या आगरदांड्याच्या जेट्टीवर काय किंवा मुंबईत काय, बघणारा त्यांना मुरमंच म्हणणार आणि मलम सुचवणार. मलमानं ते सहसा हटत नाहीत, कारण ती खरोखरीची हाडं असतात.

‘ऑस्टिओमा क्युटिस’ हे या दुर्मीळ विकाराचं नाव. हातापायांच्या लांब हाडांत आधी कूर्चा तयार होते, मग तिचं हाड बनतं. कवटीची चपटी हाडं मात्र कूर्चेशिवाय थेट घडतात, आणि त्वचेतलं हे हाडही बहुधा त्याच रीतीनं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात थर दिसतात, हाडाच्या पेशी दिसतात, कधी मज्जाही. त्वचेत नुसतं कॅल्शियम साचणं वेगळं, हे वेगळं.

चेहऱ्यावर अनेक बारीक दाणे येण्याचा प्रकार जास्त करून मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. अनेकींना तरुणपणी वर्षानुवर्षं मुरमं आलेली असतात, काहींना मात्र कधीच नाही. मुरमांसाठी टेट्रासायक्लिन गटातली औषधं दीर्घकाळ घेतली असतील तर दाणे निळसरही दिसतात, कारण ही औषधं हाडात मुरतात.

हा कर्करोग नव्हे, हे आधी सांगायला हवं. पण ओळख पटवणं गरजेचं आहे. एक्स-रेमध्ये हे दाणे दिसू शकतात, खात्री बायोप्सीनं होते. सोबत रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फेट आणि पॅराथायरॉइडचं संप्रेरक तपासतात. लहान मुलाच्या त्वचेत असा टणकपणा लागला तर अजिबात थांबू नये. अमेरिकी डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४२ साली वर्णन केलेल्या आनुवंशिक विकाराची ती पहिली खूण असू शकते.

तपासणीसाठी अलिबागला जायचं, तर ते मुरूडपासून साधारण ५० किलोमीटर. तेवढा प्रवास आणि बुडालेला रोज टाळण्यासाठी दुकानातून स्टिरॉइडचं मलम घेतलं जातं, याची मला खरी काळजी वाटते. त्यानं दाणे तसेच राहतात, त्वचा मात्र पातळ होते आणि नवी मुरमं उठतात.

उपचार आहेत. सुईनं बारीक छेद देऊन दाणे एकेक काढतात, काही ठिकाणी लेझर वापरतात. वरवरच्या दाण्यांसाठी ट्रेटिनॉइन या मलमाचा काहींना उपयोग होतो. सावळ्या त्वचेवर काळे डाग राहू शकतात, म्हणून आधी एखाद-दोन दाण्यांवरच करून पाहायला डॉक्टरांना सांगावं. नंतर उन्हापासून चेहरा जपावा लागतो, आणि मासळी वाळवणाऱ्या बाईला ते किती अवघड, हे डॉक्टरांनीही विचारात घ्यावं. निदान पक्कं झाल्यावर दाणे तसेच ठेवायचं तिनं ठरवलं, तर तेही चालतं.