पडद्यामागच्यांसाठी एक बक्षीस

१९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली आणि हौशी मंडळींना हक्काचा रंगमंच मिळाला. तिथे अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना यांना बक्षिसे असतात. पण अंधारात पलंग हलवणाऱ्या, वेळेवर पडदा ओढणाऱ्या पोरांचे काय? मंडळ चारकोपचे असो की चिपळूणचे, नाटकाचा निम्मा भार त्यांच्याच खांद्यावर असतो. म्हणून ‘रंगमंच-व्यवस्था’ असे नवे बक्षीस असावे. ते ठरवायचे कसे? परीक्षकाने दोन प्रवेशांमधला अंधार घड्याळ लावून मोजावा. वस्तू जागच्या जागी आली का, खडखडाट झाला का, ते पाहावे. बक्षीस एकट्याला नको, सगळ्यांना मिळून द्यावे. गुरुजी, शाळेच्या स्नेहसंमेलनापासूनच सुरुवात करा ना! एकदा टाळी मिळालेला पोरगा पुढल्या वर्षी आपण होऊन पडद्याची दोरी धरायला येईल.