एकाचे पथ्य, घराचे ताट

लोणी काळभोर हे आमचे गाव पुण्यापासून सोलापूर रस्त्याने जेमतेम १७-१८ किलोमीटरवर. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले तसा इथल्या शिवारात ऊस आला आणि शेजारी थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हातावर पाण्याआधी गुळाचा खडा ठेवायचा, हा घरोघरचा शिष्टाचार. अशा गोडाच्या मुलखात मी पन्नासहून अधिक वर्षे मधुमेहाबरोबर संसार केला. आधी मामंजींच्या, मग ह्यांच्या. डॉक्टर म्हणतात मधुमेह माणसाला होतो. मला विचाराल तर तो घराला होतो. गोळी एकजण घेतो, पण चूल, ताट, पाहुणे, सणवार आणि रात्रीची झोप सगळ्यांचीच बदलते. ती कशी बदलली, ते सांगते.

माळ आणि सुई

मामंजींचा आजार उघडकीला आला तो १९७२ च्या दुष्काळात. सारखी तहान लागते, रात्रीतून पाच-सहा वेळा उठावे लागते, याचे त्या वर्षी कोणाला नवल वाटले नाही. सगळे म्हणत, "उन्हाळाच तसा आहे." पण एके दिवशी सासूबाईंनी मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग पाहिली आणि त्या चपापल्या. आपल्या जुन्या वैद्यकाने वीस प्रकारचे प्रमेह सांगितले आहेत. मधुमेह हे नाव तिथलेच आणि मुंग्या लागण्याची खूणही तिथलीच. सासूबाईंनी ग्रंथ वाचले नव्हते, पण त्यांच्या माहेरी कोणाला तरी 'गोड लघवी' होती. दुसऱ्या दिवशी मामंजींना लोणी स्टेशनवरून गाडीत बसवून पुण्याला नेले.

तेव्हा घरी रक्त तपासण्याची सोय नव्हती. एका काचनळीत निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. निळे राहिले तर सुटलो, हिरवे झाले तर थोडी साखर, पिवळे झाले तर जास्त आणि विटकरी झाले तर घरात शांतता! त्यातही रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नसे. म्हणजे निळा रंग पाहून आम्ही खूश होत होतो तेव्हाही आत काय चालले आहे ते कळायला मार्ग नव्हता. आज बोटाला टोचून पाच-दहा सेकंदांत आकडा दिसतो आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीही होते. नव्या पिढीला सुईचा कंटाळा येतो तेव्हा मी ती काचनळी आठवते.

गोळ्यांनी भागेना तेव्हा इन्शुलिन सुरू झाले. काचेची पिचकारी आणि सुई रोज पातेल्यात उकळायची. फ्रीज नव्हता, बाटली एका डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. हे सगळे अंगवळणी पडत होते, तोच निराळीच अडचण उभी राहिली. मामंजी माळकरी. देहूहून निघणारी तुकोबांची पालखी पुणे सोडल्यावर आमच्या गावी मुक्कामाला येते आणि मामंजी इथूनच पुढे पंढरीपर्यंत चालत जायचे. त्या काळी इन्शुलिन गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. हे त्यांना कोणीतरी सांगितले आणि त्यांनी पिचकारी खाली ठेवली. दोन दिवस त्यांनी इंजेक्शन घेतले नाही. नळीतला रंग विटकरी. मुलांनी समजावले, डॉक्टरांनी समजावले, उत्तर एकच, "गळ्यात माळ आहे."

तिसऱ्या दिवशी सासूबाई त्यांच्यासमोर पिचकारी घेऊन बसल्या. म्हणाल्या, "माळ कशापायी घातली? पंढरीला जायला ना? मग जायला पाय नकोत का?" मामंजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी दंड पुढे केला. त्यानंतर अखेरपर्यंत, रोज सुई टोचताना त्यांचा दुसरा हात माळेवर असे.

कॅनडातल्या टोरोंटो शहरात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन हाती लावले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले. त्याचे पेटंट संशोधकांनी अवघ्या एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकले. १९८२ पासून जंतूंकडून तयार करवून घेतलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले. आज ह्यांच्या पेनात जे असते त्याला कोणा माळकऱ्याची हरकत नसावी. मामंजी ते पाहायला हवे होते.

काडीसारखी माणसे

मामंजी अंगाने काडी. शेतावर राबणारे, पोट सुटलेले नाही. त्यामुळे गावात कोणी विश्वासच ठेवीना. "साखरेचा रोग शेठजींना होतो, ह्यांना कसला?" ह्या प्रश्नाचे उत्तर पुढे पुण्यातूनच मिळाले. केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास मांडला. आपली बाळे विलायतेतल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी भरली. पण हलकेपणा होता तो स्नायूंचा. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदाळ!

डॉ. याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचाच दाखला दिला. ते आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन, दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे. पण चरबी मोजली तर युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा 'मी कुठे लठ्ठ आहे' म्हणून निर्धास्त राहण्याची सोय आपल्याला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींवर मधुमेही आणि आणखी १३ कोटींवर माणसे त्याच्या उंबरठ्यावर असल्याचे दिसले. एवढ्या मोठ्या गर्दीत आपल्या घरचे कोणी नसेलच, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे?

"एवढ्यानं काय होतंय?"

सासूबाईंच्या राज्यात मधुमेहाचा कारभार चोर-शिपायाचा होता. गूळ कडीकुलपात, किल्ली त्यांच्या कनवटीला. मामंजींना वेगळे ताट, वेगळी भाजी. आणि मामंजी? ते गुऱ्हाळावर जाऊन काकवी चाखून येत. ताट वेगळे झाले की माणूस पंक्तीतून उठल्यासारखा होतो, आणि मग तो चोरून खातो.

१९९४ मध्ये ह्यांची साखर निघाली तेव्हा मी ठरवले, वेगळे काही शिजवायचे नाही. जे ह्यांना चालेल तेच सगळ्यांना. मधुमेह्याचे जेवण म्हणजे काही आजाऱ्याची पेज नव्हे; ते कोणालाही मानवणारे जेवण आहे. पानात आधी कोशिंबीर, मग उसळ आणि पालेभाजी, मग भाकरी, आणि भात शेवटी मूठभर. भाकरीलाही माप लागते. 'ज्वारी चांगली' म्हणून चार रिचवल्या तर साखर चढायचीच. जेवण झाले की लगेच आडवे न होता सगळ्यांनी मारुतीच्या देवळापर्यंत फेरी मारायची. मुलांना यात पथ्य असे काही वाटलेच नाही.

काही समजुती मात्र हटता हटल्या नाहीत. साखरेऐवजी गूळ किंवा मध चालतो, ही पहिली. रक्ताला त्यात फारसा फरक कळत नाही. 'बिनसाखरेची' मिठाई कितीही चालते, ही दुसरी. त्यातला मैदा आणि तूप कुठे गेले? आणि एकादशीला पोट हलके राहते, ही तिसरी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे बशीभर पिष्ट. शिवाय गोळ्या-इन्शुलिन घेणाऱ्याने कडक उपास आपल्या मनाने करू नये. आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा ठरवून घ्यावी.

सगळ्यांत अवघड असतो तो आग्रह. लग्नात पंगतीला जिलबी वाढणारा म्हणतो, "एवढ्यानं काय होतंय?" दहा घरी दहा वेळा 'एवढेसे' झाले की काय होते ते आम्ही पाहिले आहे. ह्यांनी त्यावर एक तोड काढली आहे. नको म्हणण्याऐवजी ते विचारतात, "मठ्ठा आहे का? तो वाढा!" वाढणाऱ्याचा मान राहतो आणि साखरही.

खिशातली साखर

मधुमेह्याच्या खिशात साखरेची पुडी का, असे आमच्या नातवाने एकदा विचारले. कारण साखर चढण्याइतकीच ती उतरण्याचीही भीती असते. गोळी किंवा इन्शुलिन घेतले, जेवायला उशीर झाला किंवा चालणे जास्त झाले, की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलू लागतो. २०१३ च्या उन्हाळ्यात शेतावरून परतताना हे असेच बांधावर बसले. बरोबरचा गडी म्हणाला, ऊन लागले. माझ्या मुलाने पुडी काढून तीन चमचे साखर पाण्यातून दिली, पंधरा मिनिटे थांबून रक्त पाहिले, मग भाकरी खायला लावली. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही ओतू नये. तडक दवाखाना गाठावा. हे घरातल्या लहानथोरांना आणि गड्यालाही ठाऊक हवे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि पेनातले १०० चे. सुई आणि औषध यांचे आकडे जुळतात का, ते वाचूनच टोचावे. चाळीसच्या सुईने शंभराचे औषध ओढले तर अडीचपट मात्रा जाते.

पाय

पालखीच्या मुक्कामाला आमच्या ओट्यावर दरवर्षी दहा-पंधरा वारकरी उतरतात. दुसऱ्या दिवशी त्यांना यवतची पिठले-भाकरी गाठायची असते, म्हणून पहाटेच निघतात. त्यांचे पाय धुवायला गरम पाणी ठेवताना मी कोपर बुडवून पाहते आणि विचारते, "माउली, साखर आहे का?" कारण जुन्या मधुमेहात पायाची जाणीव जाते. कढत पाणी कळत नाही, काटा कळत नाही.

ह्यांचे तसेच झाले. २०१६ मध्ये चपलेचा खिळा वर आला होता. ह्यांना पत्ता नाही. सुनेला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा जखम चार दिवसांची झाली होती. पुढचे दीड महिने ड्रेसिंग, तपासण्या, आणि रात्री कोणी बोलून दाखवत नव्हते ती भीती. अखेर एक करंगळी गेली, पाय वाचला. तेव्हापासून रात्री जेवणानंतर नातू आरसा घेऊन आजोबांचे तळवे पाहतो, बोटांच्या बेचक्या कोरड्या करतो, चपलेत हात घालून चाचपतो. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडाची तपासणी. दुखत नाही म्हणून टाळायचे नाही. हा आजार दुखवत नाही, हीच त्याची खोड.

दप्तरात इन्शुलिन

आमच्या आळीतली एक मुलगी अकरा वर्षांची असताना महिन्याभरात सुकली, पाणी पाणी करू लागली आणि एके रात्री धापा टाकत बेशुद्ध झाली. पुण्याला नेले म्हणून जगली. तिचा मधुमेह निराळा. तिच्या शरीरात इन्शुलिन बनणेच थांबले होते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि पथ्याने जात नाही. लोकांनी आईला ऐकवले, "लाड केलेस." एकाने मुळापासून बरे करणारे चूर्ण सांगितले; अट एकच, सुया बंद करायच्या. ती माउली रडत माझ्याकडे आली. मी म्हटले, "चूर्णवाल्याला नमस्कार कर आणि सुई चालू ठेव. ह्या पोरीचे इन्शुलिन बंद करणे म्हणजे तिचा श्वास बंद करणे." बाईंना सांगून दप्तरात इन्शुलिन, बिस्किटे आणि साखर ठेवली. आज ती पोर कॉलेजात जाते. आता घरात कुजबुज चालते ती लग्नाची; आजार सांगायचा की झाकायचा? मुलीनेच सांगून टाकले आहे, "सुई लपवून टोचायला लागेल त्या घरी मी जाणार नाही."

यंदाच्या फराळाला

आमच्याकडे लाडू, करंज्या, चकल्या सगळे होते. पण आकार लहान आणि डबा मोजका. प्रत्येकाच्या बशीत एकच लाडू, ह्यांच्याही आणि नातवाच्याही. त्या दिवशी पोळी एक कमी.

एक मात्र तुम्हाला सांगायचे आहे. आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला मधुमेह असेल तर आपल्याला तो होण्याचा संभव वाढतो. तिशी उलटलेल्या माणसांची साखर सरकारी आरोग्य केंद्रातही तपासून देतात. तेव्हा भाऊबीजेला भावाला ओवाळाल तेव्हा तबकात काय पडते ते नंतर पाहा. आधी विचारा, "दादा, साखर कधी तपासलीस?" आणि त्याने विषय टाळला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्याला बरोबर घेऊनच जा. तुमचीही त्याच वेळी तपासून होईल.