आठच्या आर्गॉनपासून सहाच्या नायट्रेटपर्यंत

सकाळी ८.००
पुण्यातला ऑगस्ट, त्यामुळे हवा ओली. प्रयोगशाळेत आल्यावर आधी आर्गॉनचा सिलिंडर उघडते आणि मिनिटाला तीन लिटर या वेगाने वायू नुसता वाहू देते. पाण्यावर प्लाझ्मा सोडणारा जेट इतक्यात पेटवायचा नाही. प्लास्टिकची नळी रात्रभर हवेतलं बाष्प शोषून बसलेली असते. ते आर्गॉनबरोबर जेटमध्ये शिरलं, की सकाळच्या नमुन्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त दिसतं आणि दुपारपर्यंत उगाच उतरत जातं. म्हणून पहिला तास नळी वाळवण्याचा.

९.१५
एक्झॉस्ट सुरू करून जेट पेटवते. सुईसारख्या इलेक्ट्रोडला उच्च वारंवारतेची वीज मिळताच नळीच्या तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जांभळट ज्योत उभी राहते. तिच्यातले इलेक्ट्रॉन हजारो अंशांचे, वायू मात्र चाळीस अंशांच्या आसपास. म्हणूनच हा शीत प्लाझ्मा. स्पेक्ट्रोमीटरवर दोन खुणा बघून घेते : ३०९ नॅनोमीटरला हायड्रॉक्सिल, ३३७ ला नायट्रोजन. हायड्रॉक्सिल बाष्पाचे रेणू फुटून तयार होतं, नायट्रोजन भोवतालच्या हवेतून ज्योतीत मिसळतो. पुढे त्यांच्यापासूनच पेरॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस आणि नायट्रिक आम्ल तयार होतात.

१०.३०
खणांच्या प्लेटमध्ये शुद्ध पाणी. ज्योतीचं टोक पाण्याला टेकू द्यायचं नाही. टेकलं तर विजेचा मार्ग बदलतो आणि प्रयोगच वेगळा होतो. बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसा वायू पाण्यात खळगा पाडतो, पाणी ढवळतो आणि थोडं उडवूनही नेतो. हे ढवळणं महत्त्वाचं, कारण पृष्ठभागाशी विरघळलेला माल खाली पोचतो तो मुख्यतः या प्रवाहामुळे. नुसत्या विसरणाच्या भरवशावर राहिलं तर फार वेळ लागेल. उडालेल्या पाण्याचा हिशेब लागावा म्हणून प्लेटचं वजन आधी आणि नंतर करते. शेजारच्या खणावर जेट न पेटवता तेवढाच वेळ नुसता आर्गॉन सोडते. या नमुन्याशी तुलना केल्याशिवाय पुढचा कुठलाच आकडा वहीत जात नाही.

११.३०
पृष्ठभागावर पोचलेलं सगळं आत जात नाही. हेन्रीच्या नियमानुसार प्रत्येक वायूची पाण्याकडची ओढ वेगळी. हायड्रोजन पेरॉक्साइडची ओढ ओझोनच्या सुमारे एक कोटी पट, त्यामुळे ते पाण्याला भिडलं की आत गेलंच. ओझोन बहुतांशी वरच राहतो आणि त्याचा वास एक्झॉस्टकडे जातो. नायट्रिक ऑक्साइड तर ओझोनहूनही कमी विरघळतं. हायड्रॉक्सिलची अडचण निराळी : विरघळतं चांगलं, पण इतकं उतावीळ, की पृष्ठभागाच्या पातळ थरातच कशाशी तरी संयोग पावून संपतं. खोलवर जे सापडतं ते टिकाऊ वारसांचं मिश्रण.

दुपारी १२.१५
आता घाई. आम्लतामापक तीनच्या जवळ. नायट्रिक आम्लाचा हा परिणाम. पेरॉक्साइडसाठी टायटॅनियमचा अभिकारक, त्याचा पिवळा रंग ४०७ नॅनोमीटरला मोजायचा. त्याआधी नमुन्यात सोडियम अझाइड, नाहीतर अभिकारकाच्या आम्लात नायट्रस आम्लातून आलेलं नायट्राइटच पेरॉक्साइड खाऊन टाकतं. हे काम फ्यूम हूडमध्येच, कारण आम्लात अझाइडपासून विषारी वायू सुटतो. नायट्राइटसाठी ग्रीस चाचणीचा गुलाबी रंग.

१.३०
डबा. गप्पांचा विषय नेहमीचाच : पाण्यातलं पेरॉक्साइड मुळात येतं कुठून? यॉर्क विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली समस्थानिकांनी खूण केलेलं पाणी वापरून याचा माग काढला. त्यांच्या जेटमध्ये ते मुख्यतः वायूतल्या बाष्पापासून तयार होत होतं, खालच्या द्रवापासून नाही. सकाळचा नळी वाळवण्याचा तास वाया जात नाही, तो असा.

३.३०
सकाळचंच पाणी पुन्हा मोजते. जेट कधीच बंद झालाय, पण पाण्यातलं काम चालू आहे. नायट्राइट बरंच उतरलं, पेरॉक्साइडही घटलं, नायट्रेट वाढलं. आम्लात पेरॉक्साइड आणि नायट्राइट मिळून पेरॉक्सिनायट्रस आम्ल बनतं. ते जेमतेम काही क्षण टिकतं आणि बहुतांशी नायट्रेटमध्ये बदलतं. हे पाणी जिवाणू मारतं, त्यात या आम्लाचा वाटा मोठा. फॉस्फेट बफरमध्ये आम्लता वाढत नाही, त्यामुळे तिथे नायट्राइट आणि पेरॉक्साइड शेजारी शेजारी सुखाने नांदतात. पण जिवाणूंवरचा मारा तितकाच सौम्य.

५.००
सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी येते.
“ताई, उरलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवू? उद्या ई. कोलायवर घालीन म्हणते.”
“ठेव की. पण उद्या त्यात नायट्राइट जवळजवळ नसेल.”
“मग परिणाम कमी येईल?”
“कमी येईल, आणि तुला वाटेल प्लाझ्माच कुचकामी.”
शेवटी ठरतं, की उद्या ती प्लेट घेऊन इथेच येईल आणि पाणी जेटखालून काढल्या काढल्या वापरेल.

६.००
आर्गॉन बंद. सकाळच्या नमुन्यात आता मुख्यतः नायट्रेट आणि उरलंसुरलं पेरॉक्साइड. बाटलीवर नुसतं ‘प्लाझ्मा दिलेलं पाणी’ लिहिलं, तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून लेबलवर वायू, प्रवाह, अंतर आणि मिनिटं लिहिते. शिवाय जेट बंद केल्याची वेळ आणि मोजल्याची वेळ. या दोन वेळा नसतील, तर बाटली रॅकवर चढत नाही.