बरणीतले तांदूळ आणि दरड: दोन्ही घसरतात कसे?

तांदूळ घन की द्रव? डब्यात ते ढीग करून गप्प बसतात आणि डबा कलंडला की पाण्यासारखे वाहतात. वाळू, खडी, डोंगरावरची माती, सगळ्यांचं असंच. हे समजायला फोनचा कॅमेरा पुरेसा आहे.

हे करून बघा

1. पारदर्शक, गोल बरणी कोरड्या तांदळाने अर्धी भरा. झाकण घट्ट लावून टेबलावर आडवी ठेवा.
2. बरणीच्या तळासमोर फोन धरून स्लो मोशन व्हिडिओ सुरू करा.
3. बरणी लाटण्यासारखी अगदी हळू फिरवा.

तांदळाचा उतार वाढत जातो आणि एका क्षणी सर्रकन घसरतो. आता दोन स्क्रीनशॉट घ्या: घसरण्याच्या आधीचा आणि थांबल्यानंतरचा. मी घेतले तेव्हा दुसऱ्यातला उतार स्पष्ट कमी दिसला. आणखी एक गोष्ट, पळतात ते फक्त वरचे थर. खालचे दाणे बरणीबरोबर एकत्रच फिरतात.

असं का होतं?

स्थिर दाणे एकमेकांच्या खाचांत अडकलेले असतात. तिथून सुटायला जास्त उतार लागतो. एकदा सुटले की वेगामुळे ते पुढच्या खाचा ओलांडत जातात. म्हणून घसरण जिथे सुरू होते त्या कोनाला थांबत नाही. कोरडी वाळू साधारण 30 ते 35 अंशांच्या उतारावर स्थिरावते.

2006 मध्ये जॉप, फोर्तेर आणि पुलिकेन या फ्रेंच संशोधकांनी 'नेचर'मध्ये या प्रवाहाचा नियम मांडला. दाणे एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकतात तितकं घर्षण वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यामुळे मध्यम उतारावर प्रवाह ठरावीक वेग पकडतो. फार तीव्र उतारावर मात्र वेग वाढतच जातो.

पावसाळ्यात काय बदलतं?

थोडं पाणी दाण्यांना चिकटवून ठेवतं, म्हणून वाळूचा किल्ला उभा राहतो. पण मातीतल्या सगळ्या फटी भरल्या की पाण्याचा दाब दाण्यांवरचा भार उचलतो आणि घर्षण घटतं. 30 जुलै 2014 ला मुसळधार पावसात पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर दरड कोसळली. 150 हून अधिक माणसं गेली.

म्हणून उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं-खांब कलले किंवा झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर रील काढत थांबू नका. 'थोडीच माती आलीय, थांबेल' असंही समजू नका. दरडीच्या वाटेतून बाजूला व्हा, इतरांना हाक मारा आणि 112 ला फोन करा.